बसलेला आवाज

“अगं, खुंटी तिरपी ठोक, तिरपी! किती वेळा सांगू?” वर्षालीबाईंनी आचलच्या हातातली हातोडी हिसकावली आणि तंबूची तीही खुंटी स्वतःच ठोकली. सकाळपासूनची ही अकरावी.

परतवाड्याच्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या. गाईड पथकाचं काम कुणालाच नको होतं, म्हणून हेडमास्तरांनी ते त्यांच्या गळ्यात टाकलं. आता चिखलदऱ्याच्या शिबिरात चोवीस पोरी आणि त्या एकट्या. एकीला गाठ मारता येत नाही. दुसरी तांदूळ न धुताच शिजायला टाकते. तिसरी दर पाच मिनिटांनी येऊन विचारते, “मॅडम, आता काय करू?” बाई ओरडत होत्या, धावत होत्या आणि शेवटी सगळं आपणच करत होत्या. परवा तपासणी. गेल्या वर्षी पथक शेवटून पहिलं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी उठल्या तर आवाजच नाही. घशातून नुसता वारा.

“मॅडमचा आवाज बसला वो!” पोरींत गलका झाला. संघनायिका प्रणालीनं खुर्ची आणून दिली. “तुमी बसा मॅडम. आमी पायतो.”

काय पाहणार, कपाळ! बाईंनी खुणा करून करून हात दुखवून घेतले. पोरींना त्या कळेनात, मग पोरींनी बघणंच सोडलं. खिचडी खाली लागली. तंबू पडला, आचलनं उभा केला, पुन्हा पडला, पुन्हा उभा केला. दोघींचं भांडण झालं, तिसरीनं मिटवलं. संध्याकाळपर्यंत बाईंना कुणी काही विचारायला आलं नाही. ते त्यांना जरा लागलंच.

तपासणीच्या सकाळी त्या नळावर असताना नवऱ्याचा फोन आला. “हं, बोला,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. आवाज खणखणीत होता! फोन आटोपून त्या तरातरा तळावर आल्या. तपासणीचे साहेब यायला तासच उरला होता.

चूल नुसती धुमसत होती. आचल डोळे चोळत फुंकत होती, तीही भलत्याच बाजूनं. बाईंच्या ओठांवर शब्द आले, तेवढ्यात प्रणाली म्हणाली, “अवं, तिकून काहून फुकून राहिली? इकून ये, वाऱ्याच्या बाजूनं.”

आचल सरकली. दोन फुंकरींत चुलीनं जाळ धरला.

प्रणालीचं लक्ष बाईंकडे गेलं. “मॅडम, आला का आवाज?”

वर्षालीबाईंनी घशावर हात ठेवला आणि ‘नाही’ म्हणून मान हलवली.