वापरातली वस्तू

दाक्षायणीबाईंनी पितळी डब्यातून एक शेंगापोळी काढली, चौथीच्या वर्गासमोर दोन बोटांत उभी धरली आणि विचारलं, "किती?"

"एक," वर्ग म्हणाला. वर्गाचं लक्ष आकड्याकडं नव्हतं.

मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून तपासणीचे साहेब बसले होते. आणीबाणी असल्यामुळे ते वेळेवर आले होते, आणि वेळेवर आल्यामुळे त्यांना भूकही लवकर लागली होती. शेजारी हेडमास्तर चनबसप्पा हात बांधून उभे. तपासणीच्या दिवशी साहेबांचं जेवण बाईंनी घरून करून आणायचं, असा शाळेचा रिवाज होता. शाळेत बाई एकच असल्यामुळे तो कधी मोडला नव्हता. ऑफिसात पाट मांडून ताटाभोवती रांगोळी घालून झाली होती. वाटीत तूपही वाढून ठेवलं होतं. पोळ्या तेवढ्या इथं आहेत, हे आता कुठं हेडमास्तरांच्या ध्यानात आलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तो डबा साहेबांचा..."

"होय की, सर. साहेबांनीच सांगितलंय न्हवं, वापरातली वस्तू घेऊन शिकवा म्हणून."

साहेबांनी समाधानानं मान डोलावली. सांगितलं होतं खरं. गेल्या साली, हीच मुलं तिसरीत असताना, त्यांनी विचारलं होतं, एक चतुर्थांश म्हणजे काय? निंगव्वा नावाची मुलगी उभी राहून म्हणाली होती, "चतकोर." भाकरीचे चार भाग केले की एका भागाला तिच्या घरी हेच म्हणत. सगळ्यांच्याच घरी म्हणत.

"चतकोर भिकाऱ्याला घालतात, पोरी," साहेब म्हणाले आणि हसले. साहेब हसले म्हणून हेडमास्तर हसले, हेडमास्तर हसले म्हणून वर्ग हसला. मग बाईंना वापरातल्या वस्तूंचा उपदेश करून साहेब जीपमध्ये बसले. जाताना पोरीचं बारसं मात्र करून गेले. वर्षभर ते नाव शाळेत चाललं, गल्लीत चाललं, नळावर चाललं. पहिल्यांदा निंगव्वा रडायची. हल्ली ती त्या हाकेला ओ द्यायला लागली होती, आणि बाईंच्या डोक्यात तिडीक गेली ती तिनं पहिली ओ दिली त्या दिवशी.

बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ती व्हायची की नाही, ते साहेबांच्या आजच्या शेऱ्यावर होतं. तरीही पहाटे उठून त्यांनी पोळ्या अगदी मन लावून लाटल्या होत्या.

त्यांनी पोळी मधोमध मोडली. "अर्धी." अर्ध्यांची पुन्हा अर्धी केली. पहिला तुकडा निंगव्वाच्या हातावर ठेवला. "म्हण आणि खा."

"एक चतुर्थांश," निंगव्वा म्हणाली आणि खाल्लं.

ओळीनं सगळे म्हणू लागले आणि खाऊ लागले. अपूर्णांकांत इतका रमलेला वर्ग साहेबांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. पहिल्या पोळीला ते "वा" म्हणाले. दुसरीला "छान". तिसरीला काहीच म्हणाले नाहीत. पुढं त्यांनी मान उंच करून डब्यात पाहिलं आणि हेडमास्तरांना विचारलं, "आपल्या जेवणाचं काय?"

हेडमास्तरांनी डोळ्यांनीच वर्ग दाखवला. वर्ग चघळत होता.

"बाई, पुरे आता. समजलं मुलांना," साहेब म्हणाले.

"मागच्या बाकावरची राहिली की, साहेब. ती लई कच्ची आहेत."

पुन्हा पुरे म्हणायचं म्हणजे स्वतःचाच उपदेश मागं घ्यायचा. साहेब खुर्चीत सावरून बसले.

शेवटची पोळी निघाली. तिचेही चार भाग झाले. एक मागच्या बाकावरच्या येडूला गेला.

"काय उरलं?"

"पाऊण!"

दुसरा येडूच्या शेजारच्या काशम्माला.

"आता?"

"निम्मी!"

तिसरा बाईंनी स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. पदराला बोटं पुसली.

"आता काय उरलं?"

सगळ्यांच्या माना निंगव्वाकडं वळल्या. ती उठली.

"एक चतुर्थांश, बाई."

"साहेबांना वाढ जा."

ताट ऑफिसात होतं, म्हणून निंगव्वानं आपली पाटी फ्रॉकला पुसली, तीवर तुकडा ठेवला आणि साहेबांपुढं धरली. नको म्हणायची वेळ तीन पोळ्यांमागंच गेली होती. साहेबांनी तुकडा उचलला. गूळ बेताचा होता, वेलदोडा नुकताच कुटलेला. पोळी फार सुरेख झाली होती. घोटाळा झाला तो तिथंच. साहेबांनी गिळलं, रिकाम्या पाटीकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणखी चतकोर मिळेल का गं?"

चघळणारे चघळायचे थांबले. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"वस्तू संपली, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डब्याला झाकण लावलं.

शेरा मागाहून पाठवतो, असं सांगून साहेब निघाले. ऑफिसातल्या रांगोळीकडं त्यांनी पाहिलंही नाही. ते फाटकाशी पोचले तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. पटांगणातून येडूनं रोजच्यासारखी हाळी दिली, "ए चतकोर!"

निंगव्वा पायरीवर बसून पाटीवरचा तुपकट डाग पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

साहेबांनी मागं वळून पाहिलं.