मागची शिवण

“ओता पाणी, अप्पा! एक थेंब जरी गळला, तर जाणं रद्द.” गच्चीवरच्या तंबूतून ऊर्मिला ओरडली. अप्पांची ही लेक उद्या एकटीच हिमालयात निघणार होती.

अप्पांनी दुपारभर तंबूच्या शिवणींवर पाणी अडवणारा लेप चढवला होता. मागची एक शिवण मात्र मुद्दाम कोरी ठेवली होती. झारी त्यांनी नेमकी तिथे धरली.

ती भिजून बाहेर आली. “राहू दे. तुम्हाला नीट दिसत नाही, तरी मी उन्हात बसवलं. माझंच चुकलं.” ती तंबू सोडवू लागली.

अप्पांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी खिशातून लेपाची ट्यूब काढली.

“एवढी उरली?” तिने विचारलं. मग तिने मागची शिवण बोटाने चाचपली.

“मागची शिवण पुसून दे,” अप्पा म्हणाले. “सकाळपर्यंत वाळेल.”