पंधरावं वाक्य

चौदा वाक्यं संपली तेव्हा फळ्यावर दोघांचे गुण सारखेच होते, बारा आणि बारा. वाचनालयाच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसलेली माणसंसुद्धा घामाघूम झाली होती. आता एकच वाक्य उरलं होतं. टेबलावर बक्षीस मांडलेलं होतं, उशीएवढी जाड, निळ्या पुठ्ठ्याची इंग्रजी-मराठी डिक्शनरी. मंजुळाला ती हवी होती. इतकी, की दर वाक्याआधी तिची नजर टेबलावर जाऊन येत होती.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ही अकरावीतली पोरगी अंधेरीच्या इंग्रजी गाळलेल्या शब्दांच्या स्पर्धेत शेवटच्या दोघांत येईल, असं कुणाच्या बापाला वाटलं नव्हतं. तिच्या घरी डिक्शनरी कुठली? घरी होती मासळी बांधायची रद्दी. आई सगुणा इंग्रजी पेपरांचे गठ्ठे आणायची आणि मंजुळा ते आधी वाचून काढायची. शब्द अडला तर विचारणार कुणाला? मग मागचं वाक्य बघायचं, पुढचं बघायचं आणि अंदाज बांधायचा. शनिवारी वाचनालयात येऊन ताडून पाहायचं, कारण डिक्शनरी घरी न्यायची परवानगी नव्हती. दहातले नऊ अंदाज बरोबर निघायचे.

आज सगुणाही आली होती, मागच्या बाकावर ताठ बसली होती. असल्या कार्यक्रमाला ती जन्मात आली नव्हती, त्यातून रविवारी. पण आज बाजारात मासळीची टोपली न्यायचीच नव्हती.

मंजुळासमोर होता श्यामसुंदर. कॉन्व्हेंटचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि वर स्वभावाने चांगला, म्हणजे त्याचा राग करायचीही सोय नाही. परीक्षक होते मार्तंडराव, निवृत्त हेडमास्तर. वाक्यं त्यांचीच आणि उत्तरंही त्यांचीच, वळणदार अक्षरात कार्डांवर लिहिलेली. दुपारपासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, शब्द पाठ असून उपयोग नाही, वाक्य काय मागतंय ते बघा. तसा माणूस हसतमुख, पण आज जरा कुरकुरत होता. रविवारचं जेवण मनासारखं झालं नाही, हे त्यांचं चहाच्या वेळी तिघांना सांगून झालं होतं.

त्यांनी माइक जवळ ओढला आणि पंधरावं कार्ड वाचलं. ‘द नेट्स केम अप एम्प्टी बिकॉज द सी वॉज डॅश.’ जाळी रिकामी वर आली, कारण समुद्र कसा होता? शब्द चार. रफ, डीप, क्वायट, सॉल्टी. पाटीवर लिहायला एक मिनिट.

श्यामसुंदरने लगेच ‘रफ’ लिहून पाटी पालथी ठेवली. मंजुळाचाही खडू तिकडेच चालला होता, पण अर्ध्यावर थांबला. तिने वाक्य मनात पुन्हा वाचलं. जाळी वर आली. म्हणजे होडी गेली होती, जाळं पाण्यात पडलं होतं. तिने हाताने पुसून ‘क्वायट’ लिहिलं.

पाट्या वर झाल्या. मार्तंडरावांनी कार्ड उलटून दाखवलं. रफ, म्हणजे खवळलेला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मंजुळाचे डोळे भरले, पण ती जागेवरून हलली नाही.

“सर, खवळला असता तर होडी गेलीच नसती. मग जाळी वर कुणी काढली?”

टाळ्या थांबल्या. मग ती भडाभडा बोलत सुटली. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, पाण्यात रोवलेली असते, पाण्याला ओढ असली तरच मासा वाहत येऊन तिच्यात शिरतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीला जोरच नसतो. समुद्र गप्प आणि जाळी रिकामी. मार्तंडरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाळ, ही भाषेची स्पर्धा आहे, मासेमारीची नाही.

“तुम्हीच म्हणालात सर, वाक्य काय मागतंय ते बघा. मी तेच बघितलं.”

हॉलमध्ये कुजबुज वाढली. मागून सगुणा पदर खोचत पुढे आली. इंग्रजीचं अक्षर तिला येत नव्हतं. तिने लेकीला भांडण कशावरून ते विचारलं, मंजुळाने दोन वाक्यांत सांगितलं. मग सगुणा मार्तंडरावांकडे वळली. दर रविवारचं तिचं गिऱ्हाईकच ते.

“मास्तर, सकाळी वाळूत फिराया गेल्ता ना? समुद्र कसा व्हता?”

“शांत होता. अगदी तळ्यासारखा.”

“मंग पिशवी घेऊन बाजारात आल्ता ना? मी नव्हते, कोनीच नव्हतं. दुपारी काय जेवलात?”

माइक चालूच होता.

“वरणभात,” मार्तंडराव म्हणाले.

हॉल हसून लोटपोट झाला. हसू ओसरेपर्यंत मार्तंडरावांनी खिशातलं पेन काढून कार्डावरचा शब्द खोडला होता, आणि पहिली टाळी श्यामसुंदरने वाजवली होती.

डिक्शनरी उचलायला मंजुळाला दोन्ही हात लागले. आनंदाने तिला हसावं की रडावं कळेना. पायऱ्या उतरताना सगुणाने ती तिच्याकडून घेतली, पापलेट तोलावं तशी एका तळव्यावर तोलली आणि परत दिली.

“भांगाच्या दिवशी एवढं मोठं काय गावत नाय, गो.”