जन्मगाव सांगली

"हललीच नाही," यशोधन म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला. "अजून २०१३ च चाललंय."

नेत्राने पोह्यांवर ओलं खोबरं घातलं. "आपली तारीख २०१५ ची. म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. वाट बघायची."

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या त्या अपार्टमेंटमध्ये दर महिन्याला हे असंच व्हायचं. ग्रीन कार्डाच्या रांगेचं सरकारी पत्रक निघालं, की यशोधन ते वाचणार आणि नेत्रा 'म्हणजे?' विचारणार. यशोधन इथेच एमएस झाला, इथेच गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीला चिकटला. पदवी दोन वर्षांत मिळाली. कार्डाचा अर्ज करून दहा वर्षं उलटली, तरी नंबर काही येईना.

या रांगेला आणखी एक गाठ होती. सात वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. भांडून भांडून दोघंही दमली होती. पण नेत्राचा व्हिसा यशोधनच्या व्हिसाला बांधलेला. घटस्फोट झाला, की तिला देश सोडावा लागणार, आणि मुलगी रुही तर इथेच जन्मलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"कार्ड येईपर्यंत थांबू," तो म्हणाला होता. "मग तू मोकळी, मी मोकळा."

तेव्हापासून एका खोलीत तो, दुसऱ्या खोलीत रुही आणि नेत्रा. गंमत म्हणजे वेगळं व्हायचं ठरलं आणि भांडणंच संपली. हिवाळ्यात तो सकाळी आधी तिच्या गाडीवरचा बर्फ खरवडायचा, मग स्वतःच्या. ती त्याच्या डब्यात न विचारता लसणाची चटणी ठेवायची. वर्षभरातच नेत्राला कळून चुकलं, की तिला मोकळं व्हायचंच नाही. पण आता कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने शब्द पाळला होता. त्याला तर जायचं होतं.

"संग्रामचा फोन आला होता," यशोधन पोहे खाता खाता आपल्या जुन्या मित्राबद्दल म्हणाला. "कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला नवीन कंपनी काढतोय. मला म्हणाला, 'पार्टनर हो.' मी नाही म्हणून सांगितलं. कार्डाशिवाय कसं जमणार यार?"

"तुला जायचं होतं?"

"जायचं असून काय उपयोग? अडकलोय ना."

रुही दप्तर घेऊन आली. "Dad, we're late!" ती दोघं निघून गेली. नेत्रा बशी हातात धरून तशीच उभी राहिली. तिला स्वतःची शरम वाटली, कारण त्याला अडकवलं होतं तिनेच.

ही रांग माणसाच्या पासपोर्टावर चालत नाही, जन्म कुठल्या देशात झाला त्यावर चालते. आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या छोट्या रांगेत उभं राहता येतं. हे तिला २०१९ च्या जुलैमध्ये मैत्रिणीच्या, हिमानीच्या पार्टीत कळलं. हिमानीचा नवरा नैरोबीत जन्मलेला, म्हणून त्यांना दीड वर्षात कार्ड मिळालं होतं. त्याचीच पार्टी होती.

परत येताना गाडीत यशोधनने सहज विचारलं होतं, "तुझा जन्म सांगलीचाच ना?"

"हो. सांगलीचा."

"बरं," तो म्हणाला. मग उगाचच गाडी वळवून त्याने तिला आइस्क्रीम खायला नेलं.

नेत्रा सांगलीची होती, पण जन्मली मस्कतला. वडील तिथे दोन वर्षं नोकरीला होते. शाळेत नाव घालताना आजोबांनी गुरुजींना 'जन्मगाव सांगली' असं ठोकून दिलं. पुढे स्थळं बघताना नाही नाही त्या चौकशा नकोत म्हणून. शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट झाला, पासपोर्टावरून व्हिसा. सगळीकडे सांगली.

मस्कतचा मूळ अरबी जन्मदाखला आईने नेत्राच्या लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवून दिला होता, तो आजही तिथेच होता. हिमानीच्या पार्टीआधीच्या हिवाळ्यात ती वडिलांच्या आजारपणासाठी सांगलीला गेली असताना इथे शालू ठेवलेल्या क्लोजेटमधला पाइप फुटला होता, तेव्हासुद्धा तो वाचला. "सगळं सुकवून जसंच्या तसं ठेवलंय," यशोधनने फोनवर सांगितलं होतं.

तिने शालूची घडी उलगडली. दाखल्याच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा पिवळा डाग होता.

आता पुरे, असं तिने मनाशी म्हटलं. संग्रामला अजून फोन करता येईल. यशोधनला जाऊ द्यायचं. ती रडली, मग तोंड धुतलं.

कार्डाची निळी फाइल त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात असायची. 'कागद इकडेतिकडे होतात' म्हणून तो ती कुणाला हात लावू देत नसे. समोर बसून सांगण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं. दाखला फाइलमध्ये ठेवायचा. वकिलासाठी कागद काढताना त्याला दिसेलच.

लग्नाच्या दाखल्यामागचं प्लास्टिकचं पाकीट तिने उघडलं. ते रिकामं नव्हतं.

आत एका अरबी कागदाची झेरॉक्स होती. कोपऱ्यावर तोच डाग. झेरॉक्सला जोडलेलं शिक्क्याचं इंग्रजी भाषांतर होतं: नाव नेत्रा, जन्मस्थळ मस्कत. खाली भाषांतर करून घेणाऱ्याचं नाव यशोधनचं, आणि तारीख हिमानीच्या पार्टीच्या चार महिने आधीची.