तीन महिन्यांचा गाल

शेलारबाई चोपन्न वर्षांच्या, पण त्यांचा उजवा गाल अवघ्या तीन महिन्यांचा होता. भाजलेल्या जागी डॉक्टरांनी त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली त्वचा बसवली होती. "तान्ही आहे ती, तिला स्पर्श शिकवायला हवा. या महिन्यात शिकली नाही, तर कधीच नाही," असं सांगून त्यांनी बाळांना मालिश करणाऱ्या हौसामावशींना बोलावलं.

मावशी रोज अंगाई गुणगुणत हलक्या हाताने कोमट तेल जिरवायच्या. शेलारबाई डोळे मिटून पाळण्यात असल्यासारख्या झुलत राहायच्या. गाल मात्र गाढ झोपलेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी उठता उठता मावशींनी सवयीनं त्या गालावर काजळाची तीट लावली आणि त्या ओशाळल्या.

"चुकले बाई. हाताला बाळांचीच सवय."

शेलारबाईंनी डोळे उघडले नाहीत. "मावशी," त्या पुटपुटल्या, "काजळ किती गार आहे."