दारातून, पहिल्यापासून

ममता तिसऱ्यांदा दाराबाहेर गेली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मुंबईची गाडी संध्याकाळची, परवा राज्यसेवेची मुलाखत, आणि इथे भंडाऱ्यात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, तिला अजून धड आत येणंच जमत नव्हतं.

मंडळ कायदा शिकणाऱ्या पोरापोरींचं. एकमेकांना धरून सगळ्यांनी सरकारी नोकरीत शिरायचं, एवढाच त्याचा उद्देश. नियम मात्र सराव घेणाऱ्या केशवरावांचा होता. सराव मुलाखतीत 'मला', 'तुला'च्या जागी तोंडून गावाकडचं 'मले', 'तुले' निघालं की उठायचं, बाहेर जायचं, दार वाजवायचं आणि सगळं पुन्हा सुरू करायचं. "दारातून, पहिल्यापासून," असं मंडळाचा प्रमुख भूपेंद्र म्हणायचा. त्याला ते म्हणायला फार आवडतं, असं ममताचं मत होतं.

ममता कारध्याची, बाप इतवारी वैनगंगेत जाळं टाकणारा. सहा महिन्यांत मंडळानं तिची जीभ घासूनपुसून लख्ख केली होती. घाईत मात्र ती घसरायची, आणि आज तिला घाई होती.

"आत येऊ का, सर?"

"या. बसा." केशवराव निवृत्त सरकारी वकील. पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, बोलणं छापल्यासारखं. त्यांनी एक जुना टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "खुनाच्या खटल्यातला जबाब आहे. साक्षीदार एक शेतकरी बाई. वाचा, आणि काय सिद्ध होतं ते सांगा."

हा त्यांनी जिंकलेला सर्वांत मोठा खटला. मुलाखतीला निघालेल्या प्रत्येकाला हाच कागद मिळायचा आणि उत्तरही ठरलेलं होतं. भूपेंद्रनं ते तिला कालच सांगून ठेवलं होतं.

ममता वाचू लागली. "सकाळी मी शेतावर जात असताना ईश्वर हा बॉडीजवळ उभा दिसला. तेथे बाया कपडे धूत होत्या."

ती थांबली. टेबलाखाली तिचा पाय हलायला लागला.

"आरोपी प्रेताजवळ उभा होता," केशवराव म्हणाले. "पुढे बोला."

बोलायचं तेवढंच होतं. एक वाक्य, मग सगळ्यांच्या शुभेच्छा, मग घर, मग गाडी. पण त्या बाया काही डोक्यातून जाईनात. खून झालेला माणूस पडलाय आणि शेजारी बाया धुणं आपटताहेत? तिला मामाचं गाव आठवलं. एकोडीला धानाच्या बांध्यांमागे बोडी होती, शेतातलं लहानसं तळं. मामा तिच्यात माशांचं बी सोडायचा आणि मामी काठावर धुणं धुवायची.

"सर, हे बॉडी नाही. बोडी आहे."

बाजूला टिपणं घेत बसलेली तृप्ती खुदकन हसली.

"उच्चार सांभाळ," भूपेंद्र म्हणाला. "टाइप केलंय तसं वाच."

"टाइप करणाऱ्यानंच चूक केली असन. बाई बोडीच म्हणाली असन. मुडद्यापाशी कोन धुणं धुते, भूपेंद्रभाऊ? मले सांग ना."

"दारातून, पहिल्या..."

"नाही जात."

परवा मुलाखतीच्या खोलीत असंच काही तोंडातून निघालं, तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती. तरी ती खुर्चीतून उठली नाही. "प्रेत कुठं सापडलं होतं, सर?"

केशवरावांनी कागद ओढून घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शेताच्या वाटेवर. झुडपात." मग म्हणाले, "तिथं धुण्यासारखं पाणी नाही. कोर्टात मी तिला विचारलं होतं, ईश्वरला बॉडीजवळ पाहिलंस ना? ती म्हणाली, हो जी."

"अन् हे धुण्याचं वाक्य?"

"ते मी तिला विचारलंच नाही. कामाचं वाटलं नाही."

"म्हणजे तो मुडद्यापाशी नव्हताच. मग ईश्वरले काय झालं?"

या वेळी भूपेंद्र दाराकडे न पाहता खुर्ची पुढे ओढून बसला.

"आत आहे अजून. नववं वर्ष." केशवराव कागदाकडे पाहत होते. बोट त्या एका शब्दावर ठेवलेलं होतं. "माह्या बापाची बोडी होती, सानगडीले. मी तिच्यातच पोहायले शिकलो. अन् भर कोर्टात मले आयकूच नाही आलं."

तृप्तीनं पेन खाली ठेवलं. केशवराव आपणहून उठले. कागद घेऊन ते बाहेर गेले आणि मागे दार ओढून घेतलं.

मग दार वाजलं.

"आत येऊ का?"

तृप्तीनं भूपेंद्रकडे पाहिलं, भूपेंद्रनं ममताकडे. टेबलापलीकडची केशवरावांची खुर्ची रिकामी होती. गाडीला अजून वेळ होता. ममता उठली, टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीत जाऊन बसली आणि जबाब लिहून घ्यायला तृप्तीचं पेन तिनं हातात घेतलं.

"या जी," ती म्हणाली. "बसा. अन् पहिल्यापासून सांगा."