अर्ध्या लाटेचा वाद

चुंबकाच्या खोलीच्या दाराशी बाई थांबल्या. घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, अंबाड्यातले आकडे एकेक करून उपसले आणि सगळं बोक्याच्या, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, ओंजळीत ओतलं. कुणाला सांगावं लागलं नाही. निवृत्तीला वर्षं लोटली होती, पण हात विसरले नव्हते.

"हल्लीची पोरं विसरतात, बाई. परवा एकाची किल्ली अशी चिकटली की दोघांनी ओढूनही निघेना."

"तुझ्या पट्ट्याचं बक्कल आठवतंय का?"

"ते तुम्ही विसरला असाल असं वाटलं होतं."

बोका आता या प्रयोगशाळेचा प्रमुख. केस पिकले, ढेरी सुटली. विद्यार्थी असताना भट्टीच्या उबेला झोपायचा म्हणून सरांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्यानं, त्याचं हे नाव ठेवलं. सर गेले, नाव राहिलं.

उंच भांड्याच्या तळाशी, द्रव हेलियमच्या गारठ्यात, तांदळाच्या कणीएवढा स्फटिक बसला होता. बाई आणि सर, दोघांनी मिळून वाढवलेला. त्याला केसाहून बारीक तारा चिकटवल्या होत्या. बोक्यानं बटण दाबलं. चुंबकाचा जोर चढू लागला तशी पडद्यावर स्फटिकाच्या विद्युतरोधाची रेघ वर निघाली. आधी मुकाट चढली, मग तिला लाटा फुटल्या. एक, मग दुसरी, मग एकामागून एक, दर वेळी आधीपेक्षा उंच.

"केवढ्या आहेत रे," बाई म्हणाल्या. "आम्हाला चार-पाच दिसायच्या. त्याही डोळे ताणून."

त्या चार-पाच लाटांवरून त्यांच्या घरात आयुष्यभर वाद चालला होता. लाटांना क्रमांक द्यायचे, आलेखावर ठिपके मांडायचे, ते एका रेषेत येतात. ही रेषा मागे ताणत नेली की साध्या धातूत ती ठरल्या जागी टेकते. बाईंची रेषा दर वेळी अर्ध्या लाटेनं बाजूला जायची.

"दरीला शिखर समजून मोजलंयस," सर म्हणायचे.

"माझे डोळे फुटलेले नाहीत," बाई म्हणायच्या.

दोघांचं एकमत झाल्याशिवाय काही छापायला पाठवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तो निबंध घराबाहेर पडलाच नाही.

वाद मात्र घरभर फिरला. पडद्याचं कापड कमी पडलं की सर विचारायचे, "अर्धा मीटर ना?" बाईंना यायला उशीर झाला की दारातच ऐकू यायचं, "अर्धा तास. नेहमीचा." लेकीच्या सासरच्यांना तर पहिल्याच भेटीत सांगून मोकळे झाले, "ही फार हुशार आहे हो, फक्त मोजता येत नाही." शेवटी इस्पितळात, धाप लागलेली असताना त्यांनी नर्सला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "गोळ्या हिला मोजू देऊ नका." नर्स बिचारी गंभीर झाली. ही दोघं हसत सुटली.

लाटा थांबल्या. बोक्यानं क्रमांक दिले, ठिपके मांडले, रेषा मागे ताणली. खुर्ची बाजूला सरकवून त्यानं बाईंना पडदा दाखवला.

रेषा अर्ध्या लाटेनं बाजूला होती.

"शिखरं तपासली, दऱ्या तपासल्या. काल स्फटिक फिरवूनही पाहिला. शंकेला जागा नाही, बाई. या जातीच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन फेरी मारून जागेवर परत येतो, पण गेला तसा येत नाही. उलटून येतो. आणखी एक फेरी झाली की मग पहिल्यासारखा. तोच हा अर्धा. तुम्ही बरोबर मोजलं होतंत."

हे वाक्य ऐकायची बाईंनी फार वर्षं वाट पाहिली होती. ऐकल्यावर काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं: आता बोला. तोंड उघडून त्या डावीकडे वळल्याही. डावीकडे पंप घरघरत होता.

"छापू या ना?" बोका म्हणाला. "तुमचं नाव, सरांचं नाव, शेवटी माझं."

"त्यांचं कसं घालशील? त्यांना पटलेलं नव्हतं."

"आज असते तर पटलं असतं."

"तू ओळखलं नाहीस त्यांना." बाईंना हसू आलं. "म्हणाले असते, बोक्याला मोजायला कुणी शिकवलं? हिनंच ना?"

बोकाही हसला. मग चष्मा काढून उगाचच पुसत बसला.

"मग काय करू, बाई? एकट्या तुमचं नाव घालू?"

"छे. दोघांचं घाल. आणि खाली टीप दे, की दुसऱ्या लेखकाला ही मोजणी मान्य नाही."

"असं कुणी छापत नाही. आधी तुमचा वाद मिटवा म्हणतील."

"मिटवायची घाई कुणाला आहे?" बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली, पहिल्या लाटेवर बोट टेकवलं आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली.